साडीवर चेनचं घड्याळ: कसं निवडलं आणि कुठे अडकवलं

मी इंदूरमध्ये मराठी कार्यक्रमांचं निवेदन करते. गाण्याच्या मैफली, पुस्तक प्रकाशनं, गणपतीतले कार्यक्रम, कधी कुणाच्या साठीशांतीचा समारंभ, आणि या कामात घड्याळ सारखं बघावं लागतं. दहा मिनिटांसाठी उभे राहिलेले पाहुणे पंचवीस मिनिटं बोलतात, विंगेत तबला लावून कलाकार ताटकळलेले असतात, आणि अशा वेळी मी मनगट वर करून बघितलं की पहिल्या रांगेला वाटतं बाई कंटाळल्या, मोबाइल उघडला तर वाटतं मेसेज वाचतेय. पाहुण्यांचा मान राहिला पाहिजे आणि कार्यक्रम वेळेतही संपला पाहिजे. त्यामुळे मला कागदांच्या शेजारी टेबलावर ठेवता येईल, नुसती नजर खाली केली की दिसेल असं घड्याळ हवं होतं, आणि स्टेजवरून उतरल्यावर ते साडीवर शोभलंही पाहिजे होतं. यातूनच चेनच्या, म्हणजे खिशात ठेवायच्या, घड्याळावर गाडी आली.

आता चेनचं घड्याळ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर कोट-जाकीट घातलेला पुरुष येतो. पण एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या बायका घड्याळ कमरेला लटकवायच्या, शॅटलेन नावाचा एक हूक असायचा, त्याला किल्ल्या, कात्री, सुईदोऱ्याची डबी आणि घड्याळ असं सगळं साखळ्यांनी अडकवलेलं. नर्सेस तर छातीवर उलटं टांगलेलं घड्याळ अजूनही वापरतात, म्हणजे बघणाऱ्याला उलटं दिसतं पण तिला स्वतःला मान खाली घातली की सरळ. आणि आपल्याकडे तर कमरेला चांदीचा छल्ला खोचून त्यात किल्ल्या अडकवायची पद्धत कित्येक घरांत होतीच. म्हणजे साडीवर घड्याळाची जागा आधीच ठरलेली आहे, ती कमरेला.

हे जागेचं मी मुद्दाम आधी सांगतेय कारण माझ्या मते सगळा निर्णय तिथूनच सुरू होतो. लोक आधी घड्याळाच्या प्रेमात पडतात आणि मग ते कुठे ठेवायचं याचा विचार करतात. खिसा आधी ठरवा, त्या खिशात काय मावेल, किती वजन पेलेल, हात सहज कुठे जातो, हे बघा आणि मग घड्याळ शोधा.

राजवाड्याजवळच्या एका गल्लीत जुनी घड्याळं दुरुस्त करणारे एक काका आहेत, दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक उभं राहिलं की दुसऱ्याला बाहेर थांबावं लागतं. मी गेल्यावर त्यांनी किंमत नाही सांगितली, माल नाही दाखवला, पहिला प्रश्न हाच विचारला, "ताई, ठेवणार कुठे? आणि बघणार कशी, हातात घेऊन की टेबलावर ठेवून?" मला तिथेच बरं वाटलं, माणूस बरोबर भेटला. मी म्हटलं, "काका, टेबलावर ठेवून, आणि शेजारी माईक असतो." ते म्हणाले, "मग झाकणवालं घ्यायचंच नाही."

झाकणवालं म्हणजे हंटर. पुढच्या काचेवर धातूचं झाकण असतं, चावी द्यायची वरची मूठ दाबली की टक्कन उघडतं. दिसायला फार देखणं, हातात घेऊन उघडायला फार छान वाटतं, आणि ज्यांना खिशात नाणी-किल्ल्यांबरोबर ठेवायचंय त्यांची काच त्या झाकणाने वाचते. पण माईकसमोर तो टक्क आवाज सगळ्या सभागृहाला ऐकू जातो. हंटर घेणाऱ्यांसाठी काकांनी एक गोष्ट सांगितली ती इथे सांगते, झाकण बंद करताना ते नुसतं चेपून टक्क करायचं नाही, मूठ दाबून धरायची, झाकण टेकवायचं आणि मग मूठ सोडायची. नाहीतर आतला पकडणारा ओठ झिजत जातो आणि एक दिवस झाकण बसेनासंच होतं. हंटर आणि बिनझाकणाचं यांखेरीज तिसरा प्रकार हाफ-हंटर, झाकणाला मध्ये छोटी गोल खिडकी आणि तिच्याभोवती झाकणावरच आकडे, बहुतेक निळ्या मीनाकामात. हा मला तिन्हींत सुंदर वाटतो, पण खिडकीतून दोन हात दूर ठेवलेल्या घड्याळातली मिनिटं अचूक दिसत नाहीत. मला मिनिटंच तर बघायची होती.

म्हणून ओपन-फेस, बिनझाकणाचं. ओपन-फेसमध्ये बहुतेक वेळा मूठ बाराच्या आकड्यावर आणि सेकंदाचा छोटा काटा सहावर असतो, हंटरमध्ये मूठ तीनवर. त्यामुळे कधी बिनझाकणाच्या घड्याळाला तीनवर मूठ दिसली तर समजायचं की आतलं मशीन हंटरचं असून ते दुसऱ्या डब्यात, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसवलेलं असू शकतं. प्रत्येक वेळी फसवणूकच असते असं नाही, काही कारखान्यातूनही तशी निघालीत, पण विचारायचं नक्की.

डायलबद्दल माझा हट्ट होता, पांढरी पाटी, मोठे साधे आकडे, काळे ठळक काटे. रोमन आकडे शोभिवंत असतात हे खरं, चारच्या जागी चार उभ्या रेघा असलेली जुनी डायल बघत राहावीशी वाटते, पण विंगेतल्या अर्धवट उजेडात वाचायला साधे आकडेच बरे. काका यावर रेल्वेच्या घड्याळांची गोष्ट सांगत बसले. अमेरिकेत ओहायोमध्ये किप्टन नावाच्या गावाजवळ १८९१ साली दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, एका इंजिन ड्रायव्हरचं घड्याळ काही मिनिटं बंद पडून परत चालू झालं होतं असं त्या अपघाताबद्दल सांगतात. त्यानंतर वेब बॉल नावाच्या जवाहिऱ्याला रेल्वेने घड्याळं तपासायला नेमलं आणि पुढे कडक नियम आले. बिनझाकणाचं हवं, मूठ बारावर, साधे ठळक आकडे, किमान १७ ज्वेल्स (मशीनची झीज कमी करणारी बारीक माणकं), आणि आठवड्याला ३० सेकंदांपेक्षा जास्त फरक नको. वेळ लावायलाही नुसती मूठ ओढून चालायची नाही, काच उघडून आतली छोटी पट्टी बाहेर काढल्याशिवाय काटे हलायचेच नाहीत, म्हणजे चुकून धक्का लागून वेळ बदलायला नको. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की वेळेवर ज्यांचा जीव अवलंबून होता त्यांनी जे डायल ठरवलं तेच मला आपसूक आवडत होतं, आणि मला वाटतं चांगलं दिसणं हे असंच येतं, नीट वाचता येण्यातून.

मग बघाबघी सुरू झाली. ऑनलाइन 'अँटिक' म्हणून जे विकतात त्यातलं बरंचसं नवं असतं, पितळी रंग मारलेलं, पाठीवर रेल्वे इंजिन कोरलेलं, आत क्वार्ट्झचं सेलवालं मशीन. सेलवालं घ्यायला हरकत काहीच नाही, पण ते सेलवालं म्हणून आणि त्या किमतीत घ्यावं. नवं-जुनं दोन्हीमध्ये चावीवालं हवं असेल तर आपल्या एचएमटीची खिशातली घड्याळं मिळतात अजून, रशियन मोल्निया मिळतात, चेल्याबिन्स्कच्या कारखान्यातली, १८ ज्वेल्सची, धट्टीकट्टी असतात आणि सुरुवात करायला फार छान. खरं जुनं हवं असेल तर स्वित्झर्लंडमध्ये बनून भारतात विकली गेलेली, डायलवर कंपनीच्या नावाखाली बॉम्बे-कलकत्ता असं छापलेली वेस्ट एंडची घड्याळं जुन्या घरांतून निघत राहतात. मला त्यातलंच एक मिळालं, काकांकडेच, एका कुटुंबाने विकायला ठेवलेलं.

तपासायचं कसं ते मी काकांच्या शेजारी स्टुलावर बसून बघितलं. मागचं झाकण उघडायचंच, न उघडता घड्याळ घ्यायचं नाही. स्क्रूंची डोकी खरवडलेली असली तर कुणीतरी नवशिक्याने हात घातलाय. डायल मीनाकामाचं असेल, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर काचेचा थर भाजलेला, तर ते तिरकं धरून उजेडात फिरवायचं, केसासारख्या चिरा लगेच दिसतात. एखादी बारीक चीर वयाला धरून चालते, मध्यापासून पसरलेलं जाळं नको. मग डब्याचा धातू. स्विस चांदीवर ०.८०० असा आकडा आणि बारीक पक्ष्याचा शिक्का असतो, ०.८७५ वर अस्वलाचा. पण अलास्का सिल्व्हर, सिल्व्हरॉइड, अर्जेंटान असली नावं कोरलेली दिसली तर ती निकेलची मिश्रणं आहेत, त्यात चांदी नसते. निकेलही वाईट नाही, मजबूत असतं, फक्त चांदीचे पैसे द्यायचे नाहीत. आणि सोनेरी डब्यावर 'वॉरंटेड २० इयर्स' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ सोन्याचा पत्रा वीस वर्षं झिजणार नाही एवढाच, मशीनशी त्याचा संबंध नाही आणि डबा भरीव सोन्याचा नाही हेही त्यातच आलं.

चालतंय का हे बघताना नुसतं कानाला लावून भागत नाही. डायल वर करून, डायल खाली करून आणि मूठ वर करून उभं टांगून, तिन्ही तऱ्हांनी बराच वेळ ठेवून फरक बघायचा. खिशात ते उभंच राहणार असतं, माझ्या बाबतीत टेबलावर आडवंही, त्यामुळे काकांनी दोन्हीचा मेळ बसवून दिला. पूर्ण खोलून, धुऊन, तेल घालून मिळालं तेव्हा दिवसाला मिनिटभर मागेपुढे, आणि मला तेवढं भरपूर आहे. कार्यक्रमाला निघायच्या आधी मोबाइलशी मिळवून घेते.

घड्याळाचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, आणि साडीवर खरा प्रश्न इथेच येतो. मी माहेश्वरी जास्त नेसते, आमच्याकडे महेश्वर जवळ, आणि ती साडी हलकी, पातळ. हूक नुसता साडीत खोचला तर वजनाने निऱ्यांजवळ ओढ पडते आणि दोन तासांत सगळं खाली येतं. हूक परकराच्या नेफ्यात, नाडीच्या आतून, साडीसकट खोचायचा, म्हणजे वजन नाडी उचलते आणि साडीला फक्त चेन टेकते. हे कळल्यावर मी आत्याकडे गेले, तिच्याकडे आजीचा चांदीचा छल्ला होता, रुंद पानाचा, खाली घुंगरं. आत्या म्हणाली, "अगं घेऊन जा, किल्ल्या आता कोण कमरेला लावतंय, पण घुंगरं काढू नकोस हं." मग मी तो छोट्या सराफ्यातल्या एका कारागिराकडे नेला, त्याने खालच्या कड्यांपैकी एकात फिरता हूक बसवला, चेनला पीळ पडला तरी आपोआप सुटतो असा. घुंगरं स्टेजवर वाजतात म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी त्यांवर रेशमी दोरा गुंडाळते, आत्याचा शब्दही राहतो.

चेनबद्दल थोडं जास्त लिहिते कारण लोकांना दिसते ती चेनच, घड्याळ निम्मा वेळ खिशात असतं. जाकिटावर घालतात त्या चेनला अल्बर्ट म्हणतात, राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्यावरून, एका टोकाला आडवी दांडी जी काजात अडकते आणि दुसऱ्या टोकाला घड्याळाचा हूक. दोन्ही खिशांपर्यंत जाणारी ती डबल अल्बर्ट. जुन्या इंग्लिश चांदीच्या चेनमध्ये एकेका कडीवर शिक्का असतो, भिंगाने बघायला मजा येते. पण चेनचं काम फक्त शोभेचं नाही. जुन्या घड्याळात झटका सोसायची सोय नसते, हातातून फरशीवर पडलं की तोल-चाकाचा केसाएवढा अक्ष मोडतो आणि तो बनवून देणारे कारागीर आता मोजकेच राहिलेत. त्यामुळे बारीक, मंगळसूत्राच्या सरीसारखी चेन लावू नका, कड्या जोडलेल्या आहेत की नुसत्या वाकवलेल्या ते बघा आणि ओढून बघा. कमरेसाठी मी आखूड घेतली, सहा इंचांच्या आत, लांब असली की चालताना घड्याळ मांडीवर आपटतं.

आणि खिसा! आमच्या टेलर भाभींनी परकरांना डाव्या बाजूला, छल्ल्याच्या बरोबर मागे, कप्पा शिवून दिलाय. माप सांगून ठेवते. घड्याळ पाच सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटर जाड असेल तर खिसा पाच सेंटिमीटरचा करून चालत नाही, जाडीही धरावी लागते, सात सेंटिमीटर केला की हात न अडखळता आत-बाहेर होतं. खोली एवढीच की वरची कडी बोटाला लागावी. आतून धुतलेलं मऊ मलमल, मखमल नको, तिची लव सुटते आणि मुठीच्या फटीतून आत जाते. साडीवरून बघणाऱ्याला फक्त छल्ला आणि चार-पाच इंच चेन निरीत शिरताना दिसते. मला तेवढंच हवं होतं.

शोभेचा माझा एक नियम झालाय, अंगावर लांब धातूची रेघ एकच. चेन घातली त्या दिवशी कंबरपट्टा नाही, लांब हार नाही, छोटं मंगळसूत्र आणि कुड्या. चांदीची चेन असली की बाकीही जमेल तेवढं चांदीच. काठपदराच्या भरजरी साडीवर चेन हरवून जाते, बारीक चौकटी किंवा एकरंगी अंग असलेल्या साडीवर उठून दिसते. पदर उजवीकडून पुढे घेत असाल तर छल्ला त्याखाली झाकला जाणार नाही एवढं आरशात बघून घ्या. आणि घड्याळ चालू हवंच. बंद पडलेलं लटकवून कुणी विचारलं किती वाजले तर मोबाइल काढायचा, हे मला अजिबात पटत नाही. जे घड्याळ तुम्ही रोज काढून बघता ते काढायची लकब हळूहळू अंगात मुरते, अंगठ्याने कडी उचलायची, तळहातावर घ्यायचं, बघायचं, परत सोडायचं, घाई नाही. ही लकबच बघणाऱ्याला आवडते, माझ्या मते डब्याच्या सोन्याचांदीपेक्षा जास्त.

स्टेजवरच्या दोन गोष्टी मला आधी कुणी सांगितल्या नव्हत्या. घड्याळ सेकंदाला पाच टिकटिक करतं, म्हणजे तासाला १८,०००, आणि लाकडी पोडियमवर तसंच ठेवलं की तो आवाज लाकडातून माईकपर्यंत जातो. खाली चारपदरी रुमाल ठेवला की शांत. दुसरं चुंबक. स्टेजच्या कडेला मॉनिटर स्पीकर असतात त्यांत मोठी चुंबकं, मोबाइलच्या पाकिटासारख्या कव्हरलाही चुंबकाची बटणं, आणि जुन्या घड्याळाची बारीक स्प्रिंग पोलादाची. ती चुंबकली की वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ अचानक खूप पुढे पळायला लागतं. असं झालं तर घाबरायचं नाही, घड्याळजीकडे चुंबक उतरवायचं यंत्र असतं, क्षणात होतं. पण पर्समध्ये मोबाइलला चिकटून ठेवायचं नाही.

चावी सकाळी चहाच्या आधी देते, रोज एकाच सुमाराला, कारण पूर्ण चावीवर ते साधारण तीस तास चालतं आणि पहिल्या चोवीस तासांत चावीच्या स्प्रिंगचा जोर बऱ्यापैकी सारखा असतो. बोटाला थांब लागली की थांबायचं. जास्त चावीने घड्याळ बिघडतं म्हणून लोक अर्धवट देतात, त्याची गरज नाही, पुरती द्या, फक्त थांबल्यावर जबरदस्ती नको. पावसाळ्यात मात्र मी ते फार बाहेर काढत नाही, या डब्यांना रबराची सील नसते, दमट हवा आणि घाम सरळ आत. जुलै-ऑगस्टमध्ये सिलिकाच्या पुड्यांबरोबर डब्यात, मधूनमधून चावी.

आता माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलंय आणि त्याला बंदगळ्यावर चेन हवीय. त्याच्यासाठी काजातून दांडी आणि चेन वरच्या डाव्या खिशात, असं करतोय. शिवायला टाकायच्या आधी जुना कोट घालून दोरीने माप घेतलं, तिसऱ्या बटणापासून खिशाच्या तळापर्यंत, आणि त्यात चेनला हलका झोल पडेल एवढे दोन इंच वाढवले. टेलरना सांगितलंय की खिसा दाखवायचा नको, खरा हवा, आणि तिसऱ्या काजाला आतून दुहेरी कापड लावा, दांडीच्या ओढीने काज फाटतं. रोज घालायला तो जीन्स वापरणार आहे, तिथे तर पुढच्या खिशातला तो छोटा खिसा मुळात घड्याळासाठीच असतो, चेन बेल्टच्या लूपला. घड्याळ त्याला काका शोधून देतायत, हंटर, कारण त्याच्यासमोर माईक नसतो.